मीटर कुणाचं, तार कुणाची

कोपरीतून मुंबई चालत गाठता येते. आनंदनगरचा नाका ओलांडला की मुलुंड पूर्व. महापालिका बदलते, नगरसेवक बदलतो, मालमत्ता कराचा दर बदलतो. वीज बदलत नाही. मुलुंड-भांडुप मुंबईत मोडत असले तरी घराघरांत वीज देते ती ठाण्यासारखीच महावितरण. ठाणे शहराचा वीजकारभार ज्या परिमंडलातून चालतो त्याचं नावही भांडुपच. उलट दिशेला लोकलने एकच स्टेशन पुढे गेलं की कळवा. तिथून मुंब्रा-शीळपर्यंत मार्च 2020 पासून वीज देण्याचं आणि बिलं वसूल करण्याचं काम टोरंट पॉवरकडे आहे. कोपरीचा माणूस दोन्हीकडच्या नातेवाइकांची बिलं ताडून पाहतो, आणि मग वाद सुरू होतो.

2022 च्या अखेरीस या वादाला धार आली. अदानी समूहातल्या एका कंपनीने राज्य वीज नियामक आयोगाकडे भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी समांतर वितरण परवाना मागितला. 4 जानेवारी 2023 ला तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. त्याच दिवशी ऊर्जाखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक झाली, खासगीकरणाचा इरादा नाही असं आश्वासन मिळालं आणि संप मागे घेतला गेला. वर्तमानपत्रांपुरता विषय मिटला.

पुढचा संवाद एका बैठकीत झालेला नाही. कोपरीत कट्ट्यावर, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत ऐकलेली मतं मी दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक मामा: वीज मंडळात यंत्रचालक म्हणून लागले, कळवा, पडघा, शहापूर अशी उपकेंद्रं फिरले आणि महावितरणमधून निवृत्त झाले. दुसरी त्यांची भाची: एका बँकेत वीज प्रकल्पांच्या कर्जांची छाननी करते.

भाची : मामा, कांदिवलीच्या माणसाला टाटा की अदानी असं निवडता येतं. कोपरीच्या माणसाने काय पाप केलंय? फोनची कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून आपण दुसरीकडे जातो.

मामा : फोनच्या कंपनीला तुझ्या जिन्यापर्यंत खड्डा खणत यावं लागत नाही. नवा वीजवाला आला तर तो स्वतःची केबल टाकणार की आमच्याच केबलवरून वीज देणार? आधी ते सांग.

भाची : कायद्यात ते सांगितलंय. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 14 एकाच भागात दुसरा परवाना द्यायला परवानगी देतं, पण दुसऱ्याने स्वतःच्या जाळ्यातून वीज द्यायची.

मामा : मग खणा! पुलासाठी खणून झालं, स्टेशनच्या सॅटिससाठी खणून झालं, आता हे. आणि कांदिवलीत काय झालं ते तुझ्या बँकेला विचार. टाटांकडे उपनगरांत घरोघर जाणारं जाळंच नव्हतं. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, टाटांना किरकोळ ग्राहकाला वीज विकता येईल. 2009 मध्ये आयोगाने वाट काढली की तारा रिलायन्सच्या, म्हणजे आजच्या अदानींच्या, आणि वीज टाटांची. कायद्यातलं 'स्वतःचं जाळं' तिथेच राहिलं.

भाची : आणि लोकांची बिलं उतरली, ते नाही सांगत!

मामा : कुणाची आधी उतरली? जास्त युनिट जाळणाऱ्यांची. एसीवाले पहिले गेले, चाळवाले मागे राहिले. 2012 मध्ये आयोगालाच टाटांना बजावावं लागलं की तीनशे युनिटांच्या आतले छोटे ग्राहकही घ्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद याच खुंटीला टांगलेला आहे. आपल्या बिलावर 'वीज आकार' आणि 'वहन आकार' असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला विजेचा, दुसरा ती वाहून आणणाऱ्या तारांचा. मुंबईच्या उपनगरात जो ग्राहक टाटांकडे गेला तो विजेपुरताच गेला. तारेचं भाडं तो जुन्या कंपनीच्या दरानेच देत राहिला. त्यावर आयोगाने क्रॉस सबसिडीचा अधिभार लावला. म्हणजे महाग वीज घेऊन दुसऱ्याची वीज स्वस्त करणारा ग्राहक निघून गेला, तर जाताना त्याने मागे उरलेल्यांसाठी काही ठेवून जायचं. स्पर्धेतून मिळालेल्या स्वस्ताईचा बराच भाग असा वाटेतच झिजला. भाची हे नाकारत नाही. तिचं म्हणणं वेगळं आहे.

भाची : क्रॉस सबसिडी म्हणजे माझ्या बिलात लपवलेला कर. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला स्वस्त वीज द्यायची तर जरूर द्या, पण विधानसभेत मांडून, अर्थसंकल्पातून द्या. 2024 मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, तिचे पैसे तिजोरीतून देतेच आहे. मग वागळे इस्टेटच्या कारखानदाराला चढा दर कशाला?

मामा : त्या योजनेची मुदत मार्च 2029 पर्यंत आहे. पंप त्यानंतरही चालणार.

भाची : कारखाना चालेल का, ते बघ. चढ्या दराने तो एक तर गुजरातेत जातो, नाही तर छपरावर सोलर टाकतो, नाही तर एक मेगावॉटच्या वर असेल तर ओपन ॲक्सेसने बाहेरून वीज घेतो. तुझा देणारा ग्राहक अदानी यायच्या आधीच निसटायला लागलाय. सगळ्यात मोठा निसटला तो तर सरकारीच होता.

मामा : रेल्वे ना? माहीत आहे मला.

ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या ठाकुर्लीला चोळा पॉवर हाउस होतं. जीआयपी रेल्वेने गाड्या विजेवर न्यायला सुरुवात केली 1925 मध्ये आणि 1929 मध्ये हे कोळशावरचं वीजघर उभं केलं. वीज स्वतःची, तारा स्वतःच्या, गिऱ्हाईक म्हणजे इंजिनही स्वतःचंच. आज कंपन्यांच्या अहवालांत ज्याला 'एकात्मिक' म्हणून मिरवतात तो धंदा या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी रेल्वे करत होती. 1980 च्या दशकात ते वीजघर बंद पडलं, रेल्वे इतरांची ग्राहक झाली. आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तिने महाराष्ट्रातली बरीचशी वीज महावितरणकडून घेणं थांबवलं आणि युनिटला पाच रुपयांच्या आत ती दाभोळहून घ्यायला सुरुवात केली. दाभोळ म्हणजे एन्रॉनचाच प्रकल्प, फक्त मालक नवे. ज्या विजेने एके काळी वीज मंडळाला घाम फोडला, तिच्यावर कसारा लोकल धावू लागली, आणि त्यामुळे महावितरणचं एक मोठं, वेळेवर पैसे भरणारं गिऱ्हाईक गेलं.

मामा : एन्रॉनचं नाव तूच काढलंस ते बरं झालं. मोठी कंपनी, गॅस तिचा, वीजघर तिचं, बंदरावरची जेटी तिची. 1992 मध्ये करार करायला आली तेव्हा आमच्यातल्या भल्याभल्यांना सांगितलं जात होतं की यांच्याकडे सगळं एका छताखाली आहे. 1999 मध्ये वीज सुरू झाली, वर्ष-दीड वर्षात युनिटचा भाव सात रुपयांच्या वर. मे 2001 मध्ये आम्ही घेणं बंद केलं. डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोर. छत तिचं, पण गळलं आमच्या डोक्यावर.

भाची : पण एन्रॉनला स्पर्धा करायला कुणी लावलं? कुणीच नाही! निविदा नाही, सरकारची हमी, आणि खरेदीदार एकच, तुझं मंडळ. माधव गोडबोलेंच्या समितीने 2001 मध्ये ताशेरे ओढले ते राज्यकर्त्यांवर आणि मंडळावरसुद्धा. एकाच खरेदीदाराने बंद दाराआड सही केली, म्हणून एन्रॉन झालं. दोन-चार वितरक असते तर त्या भावाला कुणी हात लावला नसता.

या मुद्द्यावर मला भाचीचं पारडं जड वाटतं. एन्रॉनचं भूत दाखवून प्रत्येक खासगी कंपनीला पळवून लावायची मराठी मध्यमवर्गाची सवय जुनी आहे. त्या करारावर सही कुणाची होती, हे आपण सोयीने विसरतो. पण मामांच्या भात्यात याहून टोकदार बाण आहे.

मामा : बरं, एन्रॉन सोड. आमचं मंडळ 1960 मध्ये झालं. कोयना, कोराडी, चंद्रपूर, उरण इथे वीज बनवायची, कळव्या-पडघ्यापर्यंत वाहायची आणि तुझ्या आजीच्या खोलीतला दिवा लावायचा, हे सगळं एकाच पगारपत्रकावर. मग तुझ्यासारखे हुशार लोक आले आणि म्हणाले, एकाच संस्थेने बनवायची, वाहायची आणि वाटायची यातच रोग आहे. 6 जून 2005 ला तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, आणि वर एक सूत्रधारी कंपनी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस दुसऱ्या कंपनीचा झाला. आता जो ठाण्यात यायचं म्हणतो त्याच्याकडे बघ. कोळसा त्याचा, बंदरं त्याची, तिरोड्याला 3300 मेगावॉटचं वीजघर त्याचं, पारेषणाच्या तारा त्याच्या, मुंबईच्या उपनगरांतलं वितरण त्याचं. मंडळात जो रोग होता तो यांच्याकडे गुण कसा झाला?

भाची : हा प्रश्न चांगला आहे.

मामा : चांगला म्हणू नकोस, उत्तर दे. आणि ऐक, महावितरण त्याच तिरोड्याची वीज विकत घेते. 2024 मध्ये आणखी 6600 मेगावॉटचा मोठा सौदा त्याच समूहाला मिळाला, पाच हजार सौर आणि उरलेली कोळशाची. भांडुप आणि कल्याण परिमंडलांत स्मार्ट मीटर बसवायचं कंत्राटही त्याच घरात. मालपुरवठादार तोच, मीटरवाला तोच, आणि परवाना मिळाला तर समोरचं दुकानही त्याचंच. याला तुम्ही स्पर्धा म्हणता!

भाची : समूह एक असला तरी कंपन्या वेगळ्या असतात, हिशेब वेगळे असतात. वीजघराची वीज निविदेतून येते, तारेचा दर आयोग ठरवतो, वितरणाचा दरही आयोगच. मंडळात रोग एकत्र असण्याचा नव्हता रे. एकत्र असल्यामुळे कुठे गळतंय तेच दिसत नव्हतं, हा रोग होता. वीज चोरीला गेली, तारेत जिरली की शेतीपंपाच्या नावावर दाखवली, हे 2005 च्या आधी कुणाला तरी नक्की सांगता येत होतं का?

मामा : (जरा वेळाने) नव्हतं येत. पंपांना मीटरच नव्हते. जे हिशेबात बसेना ते शेतीच्या खात्यावर टाकायचे.

मामांनी हे कबूल केलं याला महत्त्व आहे. वीज मंडळाचा अभिमान बाळगणारी माणसं हे सहसा चारचौघांत बोलत नाहीत.

भाची : आणि एकत्र असण्याचा फायदाही असतो. 12 ऑक्टोबर 2020 आठवतो?

तो सोमवार या भागात कुणी विसरलेलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल रुळांवर थांबल्या, कोविडच्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरवर जावं लागलं. पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या 400 केव्हीच्या दोन वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, दुसरीने दगा दिला. मुंबईत बेस्ट होती, टाटा होते, अदानी होते. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य होतं, पण त्या सगळ्यांची बाहेरून येणारी बरीचशी वीज ज्या दारातून आत शिरते ते कळव्याचं दार सगळ्यांचं एकच, आणि ते महापारेषणचं.

मामा : म्हणजे तूच सांगतेस की परवाने चार दिले तरी उपकेंद्र एकच.

भाची : आणि ते एक असू नये म्हणून कुणी काय केलं, तेही सांगते. खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी वर्षानुवर्षं कागदावर होती. 2020 मध्ये ती अदानींच्या कंपनीकडे गेली आणि 2023 मध्ये सुरू झाली. पैसे उभे करता येतात, जमीन-खाडी-खारफुटीच्या परवानग्या मिळवण्यासाठी माणसं नेमता येतात, आणि पुढे त्या तारेतून जाणाऱ्या विजेचं गिऱ्हाईक आपलंच आहे, ही खात्री असते. एकात्मिक कंपनीचा हा जोर आहे. तुझी महापारेषण प्रत्येक टॉवरसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढते.

मामा : जोर आहे, मान्य. पण जोर कुठे लावायचा ते तिचं ती ठरवते. खारघर-विक्रोळीला लावेल. शहापूरच्या डोळखांबला लावेल?

मग बोलणं भिवंडीवर आलं, ते येणारच होतं. जानेवारी 2007 मध्ये महावितरणने भिवंडीचं वितरण टोरंटला फ्रँचायझी म्हणून दिलं. तेव्हा यंत्रमागांच्या त्या गावात पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच वसूल होत नव्हते. आकडे टाकलेले, मीटर फिरवलेले, ट्रान्सफॉर्मर जळालेले. पुढच्या काही वर्षांत ती गळती झपाट्याने खाली आली. भाची भिवंडीचं उदाहरण प्रत्येक सभेत देते. मामा तिला फ्रँचायझी आणि परवाना यांतला फरक दाखवतात, आणि तो फरक लोकांच्या खरंच लक्षात येत नाही. फ्रँचायझी ही महावितरणची मुनीम असते. वीज महावितरणकडून घ्यायची, महावितरणच्याच दराने विकायची, थकबाकी वसूल करायची, आणि काम जमलं नाही तर चाव्या परत. जळगावच्या, औरंगाबादच्या चाव्या अशाच परत आल्या. नागपूरची फ्रँचायझी 2011 मध्ये दिली, 2019 मध्ये महावितरणला तिथला कारभार पुन्हा हाती घ्यावा लागला.

भाची : म्हणजे प्रयोग फसला तरी अंधार झाला नाही. यात वाईट काय?

मामा : अंधार झाला नाही कारण मागे कुणीतरी उभं होतं. नागपुरात कंपनी गेली आणि दुसऱ्या दिवशी आमची पोरं फ्यूज घालायला हजर. समांतर परवान्यात मागे कोण उभं राहणार? तेही आम्हीच. पण तोवर ठाणे-बेलापूर पट्ट्यातला पैसे देणारा ग्राहक गेलेला असणार. शहापूरला रात्री दोन वाजता झाड पडलं की जो लाइनमन निघतो, त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा तुमच्या मॉलच्या बिलातून येतो. मॉल गेला की लाइनमनही घरी बसणार.

भाची : मग लाइनमनचा पगार मॉलच्या बिलावर अवलंबून ठेवला कुणी? वीस वर्षांत महावितरणला हा दरांचा गुंता सोडवता आला नाही, म्हणून मी इथेच अडकून राहायचं?

दोघं ज्या खुंट्याभोवती फिरत आहेत तो 'सरकारी की खासगी' हा नाही, असं मला वाटतं. मोठ्या एकात्मिक वीज कंपनीची खरी ताकद तिच्या वीजघरात किंवा बंदरात नसून तिला ग्राहक निवडता येतो यात आहे. महावितरणचा खरा दुबळेपणाही तिच्या सुस्तीत कमी आणि तिला ग्राहक निवडता येत नाही यात जास्त आहे. महावितरणला नवापूरही घ्यावं लागतं आणि नरिमन पॉइंट मिळत नाही. वितरण परवान्याच्या नियमांत किमान क्षेत्र म्हणून एक महापालिकाही चालते. ठाणे महापालिका म्हणजे घोडबंदरचे टॉवर, वागळे इस्टेट, व्यापारी संकुलं. जिल्हा म्हटला की त्यात शहापूर, मुरबाड, तिथले पाडे, भातशेतीतून गेलेल्या लांबच लांब लाइनी येतात. रेषा कुठे ओढायची, यातच अर्ध्याहून अधिक उत्तर आहे, आणि तिच्याबद्दल संपात घोषणा ऐकू आल्या नाहीत, कंपनीच्या सादरीकरणातही ती दिसली नाही. मी हे दोघांपुढे मांडलं.

मामा : जिल्हा घेणार असतील तर पहिला अर्ज मी भरतो. कोपरीबरोबर कसाराही घ्या. वांगणी घ्या, खर्डी घ्या, पावसाळ्यात वाहून जाणारे खांब घ्या. मग तुमचं एका छताखालचं सगळं कौशल्य दाखवा.

भाची : आणि सुरुवातीची काही वर्षं तारांच्या खर्चासाठी आयोगाने त्यांना वेगळा दर दिला तर चालेल तुला?

मामा : पाड्यावरच्या खांबासाठी दिला तर चालेल. टॉवरच्या केबलसाठी नाही.

भाची : लिहून घेते. आता माझाही एक प्रश्न. 2025 मध्ये तुझ्या महावितरणनेच मुंबईत समांतर परवाना मागितला. बेस्टचा, टाटांचा, अदानींचा ग्राहक तिला हवाय. कुलाब्यातला मलईदार ग्राहक महावितरणने खेचला तर बेस्टच्या लाइनमनचा पगार कोण देणार, मामा?

मामा : (चष्मा पुसत) तो अर्ज करणारा माणूस आमच्या काळातला नसणार.

भाची : हे उत्तर झालं का?

मामा : नाही झालं. पण मग त्यालाही सांग, कुलाबा हवा तर धारावीही घ्यावी लागेल, आणि मीटर बदलायला पावसात स्वतः यायचं.